नव्या मज्जेचे शंभर दिवस

20 मार्च 1983 रोजी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. भारतातले ते पहिले यशस्वी प्रत्यारोपण. मज्जा तिच्या भावंडाची होती. टाटाचे हे काम आता खारघरच्या ॲक्ट्रेक या त्याच्याच केंद्रात चालते. शहापूर तालुक्यातल्या रुग्णाला आसनगावहून लोकल आणि ठाण्याला गाडी बदलून तिथे जाता येते.

या प्रत्यारोपणात चिरफाड नसते. जोरदार केमोथेरपीने, कधी किरणांनीही, रोगट मज्जा नष्ट करतात आणि दात्याच्या मूळपेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. त्या रक्तातून आपोआप हाडांत जाऊन रुजतात. दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी उरलेल्या कर्करोगपेशींना परके ओळखून मारतात, हा खरा लाभ. त्याच पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावरही उलटू शकतात.

सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पूर्वी भावंड जुळले नाही की बहुधा आशा संपायची. आता प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देऊन अर्धे जुळणारे आई, वडील, मुलगा, मुलगीही दाते होतात. दात्याला बहुधा काही दिवस इंजेक्शने घ्यावी लागतात, मग काही तास पेशी काढणाऱ्या यंत्राशी बसायचे. पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही, आणि दिलेल्या पेशी शरीर पुन्हा तयार करते. कण्याला इजा होईल ही घरोघरची भीती आधी घालवली पाहिजे.

पांढऱ्या पेशी साधारण दोन ते चार आठवड्यांत वाढू लागतात, पण प्रतिकारशक्ती सावरायला कित्येक महिने जातात. पहिले शंभर दिवस सर्वांत जपायचे. ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू पेंढ्यात, ओल्या भिंतींवर, उकरलेल्या मातीत असतात. धाप लावणारा फुप्फुसाचा संसर्ग त्यातून होतो. भाताच्या झोडणीत, गोठ्याशेजारच्या घरात हा रुग्ण कसा राहणार? पाणी उकळूनच प्यायचे. शहापूर तालुक्यातली भातसा आणि तानसा ही धरणे मुंबईला पाणी देतात, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा पाड्यावर उकळायला स्वच्छ पाणी आधी मिळायला हवे.

ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला की लगेच डॉक्टर गाठायचा. शेजारच्या मुरबाडला तर रेल्वेही नाही. मध्यरात्री कल्याणपर्यंत गाडी शोधण्यात तास जातात. म्हणून प्रत्यारोपण ठरताच रुग्णालयाजवळच्या खोलीची चौकशी तिथल्या समाजसेवकाकडे करावी, आणि मागे शेत-गुरे कोण बघणार हेही तेव्हाच ठरवावे.