छपराखालचा समुद्र

रायपूरच्या पंडरीत राहणाऱ्या कुटुंबास मुंबईचा समुद्र पाहावयाचा झाला, तर निदान एक रात्र आगगाडीत काढावी लागते. नागपूरमार्गे मुंबईस जाणाऱ्या या लोहमार्गावरील गावोगावची मंडळी सुटीत मुंबईस येत, तेव्हा त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असे. राणीची बाग, म्हातारीचा बूट, चौपाटीवरील भेळ आणि चर्नी रोड स्थानकाजवळचे तारापोरवाला मत्स्यालय. नदीतल्या रोहू-कटल्यापलीकडे मासा न पाहिलेल्या मुलास येथे छपराखाली उभे राहून समुद्राच्या पोटात डोकावता येत असे.

२७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते या मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे आठ लाख रुपये आला. त्यांपैकी दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी गृहस्थांनी दिले. चौथा हिस्सा देऊन सबंध इमारतीस नाव मिळाले, असे कोणी म्हणेल. परंतु धर्मशाळेस वा रुग्णालयास नव्हे, तर माशांच्या घरासाठी एवढी रक्कम काढून देणारा दाता विरळाच! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात असे दालन १८५३ मध्ये उघडले होते, मद्रासला १९०९ मध्ये.

अशा दालनात अंधार का ठेवतात, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? प्रेक्षक उजेडात असेल, तर काचेत त्याला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. म्हणून दिवा टाकीवर आणि माणूस काळोखात, अशी योजना असते. खरे कौशल्य मात्र काचेमागे असते. मासा पाण्यातील प्राणवायू घेतो आणि त्याच पाण्यात अमोनिया सोडतो. समुद्रात तो विरून जातो. टाकीत साचतो आणि माशालाच मारतो. गाळणीतील वाळूवर वाढणारे सूक्ष्म जंतू या विषाचे टप्प्याटप्प्याने नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. म्हणजे गाळणी स्वतःच एक जिवंत वस्तू आहे. पाण्याचा पंप थांबला की ती गुदमरू लागते. सिनेमागृहास कुलूप लावून घरी जाता येते. मत्स्यालयाचे तसे नाही. शेवटचा प्रेक्षक गेला तरी पंप चालू राहावा लागतो आणि खाणे वेळेवर द्यावे लागते.

पुढे हे मत्स्यालय नूतनीकरणासाठी बंद ठेवण्यात आले व ३ मार्च २०१५ रोजी पुन्हा उघडले. आता तेथे बारा फूट लांबीचा, ॲक्रिलिकचा अर्धवर्तुळाकार बोगदा होता. मासे डोक्यावरून पोहत जात. हे नवे रूप लोकांना जेमतेम पाच वर्षे लाभले. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे सर्वच करमणुकीची स्थळे बंद झाली, त्यांत हेही मिटले. इतरत्र दारे उघडली तेव्हा येथील इमारत धोकादायक असल्याचे पुढे आले आणि कुलूप तसेच राहिले.

समुद्राकाठच्या काँक्रीटचा हा जुनाच रोग होय. खाऱ्या हवेतील क्षार भेगांतून आतील लोखंडी सळयांपर्यंत पोहोचतात. सळई गंजते, फुगते आणि भोवतीचे काँक्रीट आतून फोडते. ज्या पाण्याकरिता मत्स्यालय किनाऱ्यावर बांधावे, त्याचेच मीठ भिंतींत शिरते. मुंबईत मासे पाहण्याची ही जागा काठावर असणे सोयीचे होते, आणि महागही.

घरी काचेची पेटी ठेवणाऱ्यांना येथील एक गोष्ट उपयोगी पडेल. पाणी गढूळ दिसले की सगळे ओतून पेटी लख्ख घासण्याचा मोह गृहिणींना होतो. तसे करू नये. त्यात ते उपकारक जंतूही धुऊन जातात आणि दोन-चार दिवसांत मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी असल्यास ते आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बराचसा उडून जातो. गाळणीतील स्पंज धुवावयाचा तोही पेटीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच.