पहारेकऱ्याची किल्ली कोणाकडे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांच्या चित्रफिती इंटरनेटवर विकल्या जात असल्याचे उघड झाले. पोलिसांनी अटक केलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. तो कॅमेरा कोणी चोरून लपवलेला नव्हता; रुग्णालयानेच बसवलेला होता. कुंपणच शेत खाते ते असे.

हे कसे घडते? आपण ज्याला कॅमेरा म्हणतो, तो खरे तर भिंतीवर टांगलेला छोटा संगणक असतो. त्यात बहुधा लिनक्स ही प्रणाली चालते आणि आत शिरण्यासाठी नाव व पासवर्ड लागतो. कारखान्यातून निघताना हजारो नगांना एकच पासवर्ड दिलेला असतो, ‘अॅडमिन’ किंवा ‘१२३४५६’ यांसारखा. बसवणारा कारागीर दुपारभरात चार कॅमेरे जोडतो, मोबाइलवर चित्र दाखवतो, पैसे घेऊन जातो. पासवर्ड तोच राहतो.

‘माझ्या घराचा पत्ता परक्याला कसा कळणार?’ असे अनेक जण विचारतात. पत्ता कळावा लागतच नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सुमारे ४३० कोटी आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की चांगली जोडणी असलेला एकच संगणक हे सारे पत्ते पाऊण तासात ठोठावून पाहू शकतो. चोर तुमचे घर शोधत नसतो. तो प्रत्येक दार ढकलून पाहतो.

२०१६ मध्ये ‘मिराई’ने हेच केले. अमेरिकेतील तिघा तरुणांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधी आणि कारखान्यातल्या पासवर्डांच्या साठेक जोड्या त्यांच्यावर वापरून पाही. ऐन भरात सुमारे ६ लाख उपकरणे त्याच्या ताब्यात होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने ‘डिन’ या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे अमेरिकेत काही तास मिळेनाशी झाली. कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. त्यांचे चित्र नेहमीसारखे दिसत होते. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला की मिराई पुसली जाई, पण पासवर्ड तोच असल्याने थोड्याच वेळात परत येई.

यातला बारकावा असा, की काही उपकरणांत मालकाने पासवर्ड बदलला तरी उपयोग नव्हता. पडद्यावर दिसणारा पासवर्ड बदले. पण कारखान्याने आत पक्का बसवलेला दुसरा तसाच राही. म्हणून पासवर्ड ही पहिली पायरी, शेवटची नव्हे.

दुसरी पायरी दाराची. मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केलेले असेल, तर आपण स्वतःच रस्त्यावर दार उघडले आहे. ते बंद करावे. ‘यूपीएनपी’ ही सोयही बंद करावी, कारण तिच्यामुळे उपकरण आपल्याला न विचारता असे दार उघडू शकते. कॅमेऱ्यांसाठी पाहुण्यांचे वेगळे वाय-फाय वापरले, तर एक कॅमेरा फुटला तरी घरातल्या संगणकापर्यंत पोहोचणे अवघड होते. कंपनीने फर्मवेअरची सुधारणा दिली की ती घालावी. अॅपला दुसरीकडे न वापरलेला पासवर्ड द्यावा आणि ओटीपीसारखी दुहेरी खातरजमा सुरू करावी. बसवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये आपले खाते राहिले आहे का, हेही विचारावे. त्यात संकोच नको.

एवढे केले तरी एक किल्ली आपल्या हातात नसते. अॅपवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचे चित्र बहुधा कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर असते. मार्च २०२१ मध्ये ‘व्हर्काडा’ या अमेरिकी कंपनीच्या व्यवस्थापकीय खात्याचा तपशील बाहेरच्यांच्या हाती लागला आणि रुग्णालये, शाळा, तुरुंग अशा ठिकाणच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत ते पोहोचल्याचे वृत्त आले. तिथे ग्राहकांचे पासवर्ड कितीही भक्कम असते, तरी काय उपयोग झाला असता?

आपल्याकडे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढून सीसीटीव्हीसाठी सुरक्षेचे निकष बंधनकारक केले. ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. पण जे कॅमेरे आधीच भिंतीवर आहेत, त्यांची काळजी आपल्यालाच घ्यावी लागणार.

म्हणून तिसरी पायरी सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त आहे : कॅमेऱ्याचे तोंड कुठे आहे ते पाहणे. फाटक, जिना, अंगण इथे तो असावा. निजण्याच्या खोलीत, बाळाला पाजण्याच्या जागी, आजारी माणसाच्या उशाशी नसावा. नाइलाज असेल तर काम संपताच त्याची वायर काढावी. जे चित्र घेतलेच नाही, ते कोणी चोरू शकत नाही.