‘डी’ म्हणजे उजवीकडे नव्हे

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस निवळून, गाळून पोलॅरिमीटरच्या नळीत भरतात. ध्रुवित प्रकाशाचे प्रतल त्यातून जाताना किती वळले, यावरून रसाचा ‘पोल’, म्हणजे ढोबळमानाने साखरेचे प्रमाण, काढतात. इतक्या रोजच्या वापरातला हा गुणधर्म वर्गात मात्र चुकीच्या समजुतींसकट पाठ केला जातो.

सगळ्यात चिवट समजूत अशी की, ‘डी’ संयुग प्रकाश उजवीकडे वळवते आणि ‘एल’ डावीकडे. ती खोटी ठरवायला साखरच पुरे. उसाच्या साखरेचे विशिष्ट वलन +६६.५ अंश. आम्ल घालून तापवली की तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज समप्रमाणात होतात. ग्लुकोज प्रकाश उजवीकडे वळवते, साधारण +५३ अंश. फ्रुक्टोज डावीकडे, तेही जास्त जोराने, सुमारे −९२. त्यामुळे मिश्रणाचे वलन उणे होते. निसर्गातल्या या दोन्ही शर्करा ‘डी’च आहेत! कॅपिटल ‘डी’ रेणूतली मांडणी सांगते, ग्लिसराल्डिहाइडशी तुलना करून. वलनाची दिशा सांगतात अधिक-उणे चिन्हे. ‘आर’ आणि ‘एस’चेही तेच: तीही मांडणीची नावे, त्यांवरून दिशा ठरत नाही. ती मोजूनच कळते.

असममित कार्बन दिसला की रेणू प्रकाशसक्रिय, हेही खरे नाही. मेसो-टार्टारिक आम्लात असे दोन कार्बन असतात, पण रेणूचा एक अर्धा दुसऱ्याचे प्रतिबिंब असल्याने वलन शून्य. उलट काही बायफिनिल संयुगांत असा एकही कार्बन नसतो, तरी ती प्रकाश वळवतात. रेणू आपल्या आरशातल्या प्रतिमेवर तंतोतंत बसतो का, एवढेच तपासावे. उजवा हात डाव्यावर बसत नाही, तसा तो बसत नसेल तर कायरल.

आणि वाचन शून्य आले म्हणजे रेणू कायरल नाही, असेही नाही. दोन्ही प्रतिमा सारख्या प्रमाणात असल्या की वलन एकमेकांना खोडते. पाश्चरने १८४८ मध्ये अशाच मिश्रणातले सोडियम अमोनियम टार्टरेटचे स्फटिक एकेक पाहून हाताने वेगळे केले. एका ढिगाचे द्रावण प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे डावीकडे. हे स्फटिक असे वेगवेगळे पडतात ते सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या खालीच.

थॅलिडोमाइड या कायरल औषधाविषयी अजूनही सांगतात की, गर्भवतींना त्याचे एकच ‘निर्धोक’ रूप दिले असते तर १९५७ ते १९६१ दरम्यानचा, व्यंग असलेल्या बाळांचा अनर्थ टळला असता. पण शरीरात त्याची दोन्ही रूपे एकमेकांत बदलतात. एकच रूप देऊनही गर्भातले बाळ सुरक्षित राहिले नसते.