समाजवादी पक्षाचे नासिक अधिवेशन

भारतीय समाजवादी पक्षाचे मार्च १९४८ मध्ये नासिक येथे भरलेले वार्षिक अधिवेशन. काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय समाजवाद्यांनी या अधिवेशनात घेतला.

या पक्षाची मूळ कल्पनाही नासिकचीच. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत पकडलेले जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे प्रभृती तरुण १९३२-३३ च्या सुमारास नासिकच्या मध्यवर्ती तुरुंगात होते. तेथील चर्चांतून काँग्रेसमध्ये राहूनच समाजवादी गट उभारण्याचा विचार दृढ झाला. मे १९३४ मध्ये पाटणा येथे आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली व ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या अधिवेशनात काँग्रेस समाजवादी पक्ष रीतसर अस्तित्वात आला. काँग्रेसच्या सभासदांनाच या पक्षात प्रवेश असे. पुढे मीरत व फैजपूर (दोन्ही १९३६) आणि लाहोर (१९३८) येथे अधिवेशने झाली. त्यानंतर युद्ध, तुरुंगवास व भूमिगत चळवळ यांत बरीच वर्षे गेली. १९४७ च्या कानपूर अधिवेशनात नावातील ‘काँग्रेस’ हा शब्द गाळण्यात आला, तरी संबंध तुटला नव्हता.

गांधीहत्येनंतर काही आठवड्यांतच काँग्रेसने स्वतंत्र घटना व सभासदत्व असलेल्या अंतर्गत पक्षांना मज्जाव केला. साहजिकच पक्ष विसर्जित करणे वा काँग्रेस सोडणे, एवढेच पर्याय उरले. नासिकला दुसरा स्वीकारण्यात आला. निर्णय तत्त्वास धरून होता. परंतु त्यासाठी लागणारी देशव्यापी संघटना पक्षापाशी नव्हती. काँग्रेसच्या तिकिटावर मिळालेल्या जागा ठेवणे अनुचित मानून नरेंद्र देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त प्रांताच्या विधानसभेचे राजीनामे दिले. पोटनिवडणुकीत खुद्द नरेंद्र देव पराभूत झाले. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सु. १०·६ टक्के मते मिळूनही लोकसभेच्या केवळ १२ जागा पक्षाच्या वाट्यास आल्या. काँग्रेसला ३६४ मिळाल्या.

सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसचेही छप्पन्नावे अधिवेशन नासिकलाच झाले. आचार्य कृपलानी व शंकरराव देव यांना हरवून निवडून आलेले पुरुषोत्तमदास टंडन अध्यक्षस्थानी होते. पक्षाध्यक्ष श्रेष्ठ की पंतप्रधान, हा वाद त्या वेळी धुमसत होता. जातीयतेविरुद्धच्या आपल्या धोरणास नेहरूंनी तेथे मान्यता मिळविली. १९५१ मध्ये टंडन यांनी राजीनामा दिला. तत्पूर्वीच कृपलानी यांनी बाहेर पडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला होता. सप्टेंबर १९५२ मध्ये हा पक्ष व समाजवादी पक्ष यांच्या विलीनीकरणातून प्रजासमाजवादी पक्ष निर्माण झाला.