बंदीच्या दोन महिन्यांत बोटीबरोबर वहीचीही डागडुजी करूया



१ जूनपासून बोटी जेटीला लागल्या. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस बंदी. या दिवसांत आपण जाळी शिवतो, इंजिन खोलतो, रंग मारतो. पण एक काम राहून जातं, ते म्हणजे हिशोब.

गेल्या आठवड्यात आपला एक ट्रॉलरवाला सभासद बायकोला घेऊन ऑफिसात आला. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात डिझेलची, बर्फाची बिलं. गोव्याबाहेरच्या एका टॅक्सवाल्याने त्याचं २०२५-२६ चं रिटर्न तयार करून पाठवलं होतं. सगळा खर्च जाऊन नफा १६ लाख, टॅक्स १ लाख २४ हजार ८०० रुपये. तो म्हणाला, "सेक्रेटरी, नवं जाळं घ्यायला ठेवलेले पैसे आहेत ते. आता टॅक्स भरू की जाळं घेऊ?"

आम्ही कागद बघितले. आकडेमोड बरोबर होती, पण सगळं उत्पन्न त्याच्या एकट्याच्या नावावर दाखवलं होतं. चूक तिथेच होती.

गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोड आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक असते. म्हणून आयकर कायद्यात कलम ५ए आहे. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे धंदा, भाडं, व्याज, दोघांत अर्धं-अर्धं वाटून प्रत्येकाच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. १६ लाखांचे झाले ८ आणि ८. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला सूट मिळून टॅक्स शून्य होतो. दोघांचं दुसरं काही उत्पन्न नव्हतं. म्हणजे १ लाख २४ हजार ८०० वरून टॅक्स आला शून्यावर. यात लपवाछपवी काही नाही, कायदाच तसा आहे.

मात्र याची दुसरी बाजूही ऐका. रिटर्न दोघांनी भरायचं, पॅन दोघांचं हवं. फॉर्ममध्ये पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू आहे का, या प्रश्नाला 'हो' लिहून शेड्यूल ५ए भरायचं. टॅक्स शून्य आला म्हणून रिटर्न टळत नाही. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की भरायलाच हवं. आणि बायकोचं मासळी विक्रीचं वेगळं उत्पन्न असेल तर तेही असंच दोघांत वाटलं जातं. सोयीचं तेवढं वाटायचं, असं चालत नाही.

ती माउली शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वही मीच लिहिते, मग नाव पण माझं लागूदे." आम्हाला ते पटलं.

आता वहीबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं, मासेमारी म्हणजे शेतीसारखीच, टॅक्स लागत नाही. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळायला लागल्यापासून हा समज वाढला. पण आयकराच्या भाषेत शेतीचं उत्पन्न म्हणजे जमिनीतून आलेलं. समुद्रातली मासळी हा धंदा धरला जातो. सोसायटीला मासेमारी आणि मासळी विक्रीच्या नफ्यावर अटींसह वजावट आहे, पण ती सोसायटीची. सभासदाच्या बोटीला ती लागू होत नाही. ताज्या मासळीवर जीएसटी नाही हे खरं, पण जीएसटी वेगळा आणि आयकर वेगळा.

वहीत काय लिहायचं ते सांगतो.

पहिलं, पावणीची पूर्ण रक्कम. एजंट कमिशन कापून हातात देतो तेवढंच आपण लिहितो, ते चूक. पावणी १ लाखाची झाली तर उत्पन्नात १ लाख लिहा, कमिशन खर्चात लिहा. एजंटाने सीझनच्या सुरुवातीला दिलेला ॲडव्हान्स उत्पन्नात घालू नका, ते कर्ज आहे. २० हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं कायद्याला चालत नाही, बँकेतून घ्या.

दुसरं, रोजचा खर्च. डिझेल, बर्फ, रेशन, तांडेल आणि खलाशांचा पगार, वाटा. रंगकाम, फटी बुजवणं, इंजिनची दुरुस्ती हा त्याच वर्षाचा खर्च. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिले तर तो खर्च सहसा धरला जात नाही. खलाशी गावाहून आले की त्यांना एकदम ॲडव्हान्स देतो ना आपण, तो त्यांच्या खात्यावर टाका. डिझेलच्या व्हॅटचा परतावा मिळतो, तोही वहीत यायला हवा.

तिसरं, बोट. बोटीची किंमत एका वर्षात खर्च म्हणून टाकता येत नाही. दरवर्षी घसारा मिळतो. लाकडी सांगाड्याच्या मासेमारी बोटीला २० टक्के. ३० लाखांची बोट असेल तर पहिल्या वर्षी ६ लाख, मग उरलेल्या २४ लाखांवर ४ लाख ८० हजार, असं उतरत जातं. नवी बोट त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा. ऑगस्टमध्ये पाण्यात टाकली तर पूर्ण, दिवाळीनंतर टाकली तर निम्मा. बोटीवर सबसिडी मिळाली असेल तर ती किमतीतून वजा करून मग घसारा काढायचा.

आपल्याच एका भावाने जुनं इंजिन ४ लाखांना रोखीने घेतलं, बिल नाही. इंजिन चालतंय मस्त, पण हिशोबात त्याची किंमत शून्य. रोखीने घेतलेल्या अशा वस्तूवर घसारा मिळत नाही. तेच बँकेतून पैसे देऊन, पावती घेऊन घेतलं असतं तर वर्षानुवर्षं फायदा झाला असता.

काही जण म्हणतात, यंदा तोटाच झाला, रिटर्न कशाला? उलट तोट्याच्या वर्षी रिटर्न जास्त गरजेचं. मुदतीत भरलं तर धंद्याचा तोटा पुढची ८ वर्षं नफ्यातून वजा करता येतो. मुदत चुकली की तो हक्क गेला. बँकेत कर्जाला गेलं तरी आधी रिटर्नच मागतात.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत. २०२५-२६ चं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे. आपापल्या सीएला भेटा, आणि तो गोव्याबाहेरचा असेल तर ५ए ची आठवण स्वतःहून करा.

ज्यांना वही कशी मांडायची ते बघायचंय त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात या. बिलांची पिशवी आणा, बँकेचं पासबुक आणा, दोघांचं पॅन आणा. आणि हो, घरात वही जी लिहिते तिलाही घेऊन या.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊ, तोवर वही सरळ झालेली असूदे.

आपले,
सेक्रेटरी व कार्यकारी मंडळ