गळा कोणाचा, बक्षीस कोणाचं?

(लेखमाला : पडद्यामागचे सूर – भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण १९३५ सालापर्यंत आलो होतो. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं गाणं आधी ध्वनिमुद्रित करून पडद्यावर नुसते ओठ हलवण्याची सोय काढली आणि नटाचा चेहरा व गळा यांची फारकत झाली. तेव्हापासून एक वाद सुरू आहे तो आहेच. गवयाची भूमिका करणाऱ्या नटानं स्वतः गायलं पाहिजे का? नाही गायला, तर अभिनयाचं बक्षीस त्याला द्यावं का?

या वादाचा धागा आपल्या वऱ्हाडातूनच जातो. अकोल्याहून अमरावतीकडे निघालं की बडनेऱ्याच्या अलीकडे मूर्तिजापूर लागतं. आपल्या लोकांना मूर्तिजापूर म्हटलं की शकुंतला रेल्वे आठवते. पण गायक-नट वसंतराव देशपांडे यांचा जन्म याच गावचा, २ मे १९२० चा. वाढले नागपुरात, नाव झालं पुण्या-मुंबईकडे. (वऱ्हाडच्या माणसांचं बहुधा असंच होतं.) १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं आणि खाँसाहेबाची भूमिका त्यांनी केली. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच. त्या भूमिकेत गाणं कुठं संपतं आणि अभिनय कुठं सुरू होतो, हे सांगायची सोय नव्हती. खाँसाहेबाचा ताठा आणि आतली जळजळ संवादांत होती त्याहून जास्त तानांत होती.

नटानं स्वतःच गायचं, हे संगीत नाटकात सगळे धरूनच चालत. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींच्या ‘रणदुंदुभी’तली तेजस्विनी मास्टर दीनानाथांनी गाजवली ती गळ्याच्या जोरावर. न गाणाऱ्या नटाला ती भूमिका कोणी विचारलीच नसती. बोलपटातही सुरुवातीला तोच शिरस्ता होता. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस स्वतःच गायले आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला.

आता २०१५ चा ‘कट्यार’ चित्रपट घ्या. खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, गळा राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. सदाशिव झाले सुबोध भावे, गळा महेश काळे यांचा. पंडितजींच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन हा गायकच उभा. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला महेश काळे यांना, पार्श्वगायनाचा. त्याआधी २०११ च्या ‘बालगंधर्व’मध्येही भावे पडद्यावर होते, आवाज होता आनंद भाटे यांचा, आणि पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार भाट्यांना गेला.

म्हणून भाव्यांचं काम अर्धं म्हणायचं? मला नाही पटत. दुसऱ्याच्या तानेवर तोंड उघडणं ही चेष्टा नाही. तान ‘आ’कारात चालते, तेव्हा जुळवायला शब्दच नसतात. चोरी पकडली जाते ती दुसरीकडेच. मानेची शीर तटतटते का, जबडा तानेबरोबर हलतो का, समेवर येण्याआधी छाती भरते का, लांब आलाप संपल्यावर खांदे किंचित सैल पडतात का, हे सगळं कॅमेरा जवळून टिपत असतो. म्हणून चांगले नट चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रित गाण्याबरोबर खरोखर मोठ्यानं गातात. सूर लागो न लागो, शरीर खोटं बोलत नाही.

राष्ट्रीय पुरस्कारांनी हा तिढा आपल्या पद्धतीनं सोडवला. १९६७ च्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि पार्श्वगायक असे वेगळे पुरस्कार सुरू झाले. गंमत बघा, अभिनयाच्या त्या पहिल्या पुरस्काराचे मानकरी होते उत्तमकुमार, आणि ज्या दोन चित्रपटांसाठी तो मिळाला त्यांतला एक ‘अँटनी फिरिंगी’. भूमिका गाणाऱ्या कवीची, गळा मन्ना डे यांचा! ऑस्करला गायकासाठी वेगळं बक्षीसच नाही. त्यामुळं तिकडे हा वाद जास्त पेटतो. ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नची बरीचशी गाणी मार्नी निक्सननं गायली, आणि हेपबर्नला नामांकनसुद्धा मिळालं नाही. पुढं रे चार्ल्स झालेला जेमी फॉक्स आणि एदित पियाफ झालेली मारियों कोतियार या दोघांनाही पडद्यावर गळा बहुतांशी दुसऱ्यांचा असताना ऑस्कर मिळालं. म्हणजे तिथंही दंडक असा काही नाही.

खरी अडचण उभी केली ‘मी वसंतराव’नं. निपुण धर्माधिकारी यांच्या या चित्रपटात राहुल देशपांडे स्वतः आजोबा झाले आणि स्वतःच गायले. गळाही तोच, चेहराही तोच. ६८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना सन्मान मिळाला तो पार्श्वगायकाचा. अभिनयाचा पुरस्कार सूर्या आणि अजय देवगण यांच्यात विभागला गेला. त्या दोघांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण पडद्यावर समोर बसून जो माणूस गातोय, त्याला ‘पार्श्व’गायक म्हणून गौरवायचं, हे काही गळी उतरत नाही.

माझं मत सरळ आहे. स्वतः गाणं ही बक्षिसाची अट नसावी. तशी अट घातली तर गाता न येणारे, पण अस्सल नट, या भूमिकांना मुकतील. मात्र नट स्वतः गायला असेल, तर त्याचं गाणं अभिनयाच्या परीक्षकांनी अभिनयातच मोजावं. पार्श्वगायनाच्या रकान्यात टाकून मोकळं होऊ नये. आणि गळा दुसऱ्याचा असेल तर त्याचं नाव पोस्टरवर नटाच्या नावाजवळ, तेवढ्याच मानानं यावं.

या आठवड्यात जमलं तर ‘बालगंधर्व’ आणि ‘मी वसंतराव’ यांतली गाण्याची दृश्यं आवाज पूर्ण बंद करून बघा, आणि कोण किती गातंय ते तुम्हीच ठरवा.