आजीचं माजघर गेममध्ये आणताना : स्वतःचे फोटो वापरून मॅप कसा बनवायचा

मागच्या भागात म्हटलं होतं ना, आजीचा वाडा रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. पाडायच्या आधी मला तो गेमच्या मॅपमध्ये उभा करायचाय. घरातली माणसं हसली. हसू देत.

पहिला प्रयत्न साफ फसला. मी ओसरीचे पन्नासेक फोटो काढले, एक ब्लेंडरमध्ये टाकला आणि त्यावरून भिंती ओढत सुटले. दिसायला झकास! पण अनरियलमध्ये नेलं तर खांब माणसाच्या कमरेएवढे. कारण साधं आहे : फोटोला स्वतःचं माप नसतं. तुम्ही तो ज्या आकारात ठेवाल, तो त्याचा आकार.

म्हणून आता आधी नकाशा, मग फोटो. मी आणि आजी टेप घेऊन बसलो. शाळेची चौकटीची वही, एक चौकट म्हणजे एक फूट. त्या पानाचा वरून सरळ फोटो काढला आणि ब्लेंडरमध्ये टॉप व्ह्यूला ओढून टाकला. आता खरी गंमत. आमची ओसरी 12 फूट, म्हणजे 3.66 मीटर. मेजर टूलने चित्रातली तीच रेघ मोजली तर 1.22 आली. 3.66 भागिले 1.22 म्हणजे 3. चित्र तिप्पट केलं, संपला विषय! ब्लेंडरमध्ये मूळ सेटिंगला एक युनिट म्हणजे एक मीटर. मग चित्राची ओपॅसिटी कमी करा आणि त्यावरून भिंती गिरवा.

भिंतींचे समोरून काढलेले फोटो यानंतर. मोबाईलचा 0.5 वाला वाइड कॅमेरा इथे नको, कडेच्या सरळ रेषा वाकतात. जरा मागे सरका, 1 एक्सवर काढा, फोन भिंतीला समांतर धरा. आणि फ्रेममध्ये माप माहीत असलेली एक वस्तू ठेवा. मी आजीची काठी टेकवून ठेवली होती. सगळ्या फोटोंत काठी आहे, फार भारी दिसतं ते.

गूगलवरचे फोटो का नाही? वापरा की, वातावरणासाठी. 'काउंटर-स्ट्राइक'चा डस्ट मॅप डेव्ह जॉन्स्टनने 'टीम फोर्ट्रेस 2'चे सुरुवातीचे स्क्रीनशॉट बघूनच सुरू केला होता. पण त्याला नवीन जागा घडवायची होती. मला माझीच जागा हवी होती, आणि ती गूगलवर नाही.

आता खरा घोळ. सगळी मापं बरोबर बसली आणि पात्र माजघरात शिरेचना! अनरियलच्या थर्ड पर्सन टेम्प्लेटमध्ये पात्राभोवती एक अदृश्य कॅप्सूल असते. त्रिज्या 42, म्हणजे रुंदी 84 सेंटीमीटर. उंची 192. आमचं माजघराचं दार अडीच फूट रुंद, साडेपाच फूट उंच. म्हणजे 76 बाय 168. कसं जाणार? शिवाय कॅमेरा पाठीमागे, तो भिंतीला आपटून पात्राच्या डोक्यात घुसायचा.

नेटवर सगळे सांगतात, दार मोठं करा, खोल्या मोठ्या करा. गेमसाठी ते बरोबरच आहे. लढाईचा मॅप असता तर मीही केलं असतं. पण आजीला स्क्रीन दाखवली तेव्हा मी दार आधीच सात फुटांचं केलं होतं. ती म्हणाली, "अगं, हे आपलं नाही. आपल्या दारात वाकावं लागतं."

मग दार परत पहिल्यासारखं केलं. त्रिज्या 30 केली, कॅमेरा डोळ्यांच्या जागी आणला आणि क्राउचचं बटण जोडलं. आता माजघरात जायचं तर वाकावं लागतं. क्राउच केल्यावर पात्र जरा जास्तच खाली बसतं, ते अजून नीट करायचंय.

जिन्याचे फोटो मात्र अंधारात हलले आहेत. रविवारी परत जातेय, टॉर्च आणि काठी घेऊन. तोवर भेटूच!